ताणाचे हार्मोन्स आणि यकृतातली चरबी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ताण आला की कॉर्टिसॉल वाढतं, आणि कॉर्टिसॉल वाढलं की चरबी वाढते.’ हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं की ते तपासावंसं कुणाला वाटत नाही. त्यातला पहिला भाग बरोबर आहे. दुसरा अर्धाच. उरलेला अर्धा हवा असेल तर यकृतात डोकवावं लागतं, कारण ताणाच्या वेळी कोठारातून बाहेर पडलेल्या बऱ्याचशा चरबीचं पुढे काय करायचं हे तिथे ठरतं.

ताणाचे हार्मोन्स म्हणजे नेमके कोणते?

मुख्य दोन: ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल. दोन्ही तयार होतात मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींमध्ये, पण एकाच घरात राहणाऱ्या दोन बिऱ्हाडांसारखी. आतल्या गाभ्यात ॲड्रेनॅलिन, बाहेरच्या सालीत कॉर्टिसॉल. गाभ्याला निरोप थेट मज्जातंतूंतून मिळतो, त्यामुळे ॲड्रेनॅलिन काही सेकंदांत रक्तात उतरतं आणि तितक्याच झटपट ओसरतं. दोन-तीन मिनिटांत त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. कॉर्टिसॉलचा निरोप वळसा घालून जातो. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, पिट्युटरी रक्तातून दुसरं हार्मोन पाठवते, मग साल कामाला लागते. म्हणून कॉर्टिसॉल उशिरा चढतं आणि निम्म्यावर यायला त्याला तास-दीड तास लागतो. त्याचा परिणाम तर त्याहूनही लांबतो.

यांच्या जोडीला मज्जातंतूंच्या टोकांतून येणारं नॉरॲड्रेनॅलिन, स्वादुपिंडातलं ग्लुकागॉन आणि ग्रोथ हार्मोन असतात. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: इंधनाच्या बाबतीत ते इन्सुलिनच्या उलट दिशेला ओढतात. निदान सुरुवातीला तरी. हे ‘निदान’ पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

चरबी तर पोटावर आणि मांड्यांवर असते. यात यकृत कुठून आलं?

चरबीच्या पेशी म्हणजे कोठार. तिथून निघालेली फॅटी ॲसिड्स (शाळेच्या पुस्तकातली मेदाम्लं) रक्तातून वाहतात, आणि जे अवयव ती सर्वांत मोठ्या प्रमाणावर उचलतात त्यांत यकृत आहे. गंमत अशी की यकृत त्यांना फारसं निवडत नाही. रक्तात जितकी जास्त, साधारण तितकी जास्त आत. पूर आला की ओढा ‘एवढंच पाणी घेईन’ म्हणत नाही, तसं.

आतड्यांभोवतीच्या चरबीचं रक्त थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरतं, म्हणून ‘पोटाची चरबी यकृतात जाते’ असं म्हणतात. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. यकृतात पोचणाऱ्या फॅटी ॲसिड्सचा मोठा वाटा त्वचेखालच्या चरबीतूनच येतो.

ताण आल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय घडतं?

ॲड्रेनॅलिन चरबीच्या पेशीच्या बाहेरच्या ग्राहकावर (हार्मोनचा निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, इंग्रजीत रिसेप्टरवर) बसतं. ते आत जात नाही, दारावरची कडी वाजवतं. आत ‘सायक्लिक एएमपी’ नावाचा छोटा रेणू तयार होतो आणि पुढचं काम तो करवून घेतो. हा रेणू मुळात यकृतामुळेच सापडला: ॲड्रेनॅलिन आणि ग्लुकागॉन यकृतातून साखर कशी सोडवतात याचा माग काढताना अर्ल सदरलँड त्याच्यापर्यंत पोचले, आणि १९७१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

चरबीच्या थेंबाभोवती पेरिलिपिन नावाच्या प्रथिनाचं कवच असतं. एरवी ते पहारेकऱ्याचं काम करतं. निरोप पोचला की ते बाजूला होतं आणि लायपेज नावाची एन्झाइम्स थेंबावर तुटून पडतात. चरबीच्या एका रेणूतून तीन फॅटी ॲसिड्स आणि एक ग्लिसरॉल सुटतं. फॅटी ॲसिड पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पाठीवर बसून प्रवास करतं.

याच वेळी ॲड्रेनॅलिन स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यापासून रोखतं. इन्सुलिन हा चरबी विरघळण्यावरचा सर्वांत मोठा ब्रेक. म्हणजे एका पायाने ॲक्सिलरेटर दाबला, दुसरा पाय ब्रेकवरून उचलला.

यकृतात पोचलेल्या फॅटी ॲसिडचं पुढे काय होतं?

दोन वाटा आहेत. एक: जाळणं. दुसरी: पुन्हा तीन-तीनची मोळी बांधून ट्रायग्लिसराइड बनवणं.

जाळायचं तर ते पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या आत जायला हवं. तिथे फॅटी ॲसिडचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडतात. ही गोष्ट फ्रान्झ क्नूप यांनी १९०४ मध्येच ओळखली होती, तीही कुत्र्यांना खूण केलेली फॅटी ॲसिड्स खाऊ घालून आणि त्यांच्या लघवीत काय उतरतं ते पाहून. सोळा कार्बनच्या पामिटिक ॲसिडचे आठ तुकडे होतात आणि त्यातून पेशीच्या चलनात, म्हणजे एटीपीमध्ये, निव्वळ १०६ रेणू हाती लागतात.

मोळी बांधलेल्या ट्रायग्लिसराइडला पुन्हा दोन जागा: यकृताच्या पेशीतच थेंब होऊन राहायचं, किंवा व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून रक्तात बाहेर पडायचं. रक्ततपासणीत ट्रायग्लिसराइड वाढलेलं दिसतं तेव्हा त्यात अनेकदा यकृतातून निघालेल्या याच मालाचा मोठा हात असतो.

आता खरी मजा. मायटोकॉन्ड्रियाच्या दारावर सीपीटी-१ नावाचं एन्झाइम बसलेलं असतं. लांब फॅटी ॲसिड्स त्याच्या हातून गेल्याशिवाय आत जात नाहीत. आणि हे दार बंद ठेवणारा रेणू आहे मॅलोनिल-को-ए. हा कोण? तर नवी चरबी बनवायचा कच्चा माल! यकृत चरबी बनवत असतं तेव्हा हा माल भरपूर असतो, आणि तो स्वतःच जाळण्याचं दार लोटून घेतो. एका हाताने भिंत बांधायची आणि दुसऱ्या हाताने पाडायची, असला वेडेपणा पेशी करत नाही. डेनिस मॅकगॅरी आणि डॅनियल फॉस्टर यांनी १९७० च्या दशकात हे उलगडलं. चयापचयातली इतकी देखणी रचना मला तरी दुसरी माहीत नाही.

ग्लुकागॉन आणि ॲड्रेनॅलिनमुळे मॅलोनिल-को-ए बनवणारं एन्झाइम मंदावतं. माल घटतो, दार उघडतं, जाळणं वाढतं. इन्सुलिनमुळे अगदी उलट. तेव्हा पहिल्या झटक्यातला ताण यकृताला ‘साठव’ असं सांगत नाही, ‘जाळ’ असंच सांगतो.

मग कॉर्टिसॉल चरबी जाळतं की साठवतं?

दोन्ही. उत्तर टाळायचं म्हणून म्हणत नाही. सगळा घोळ याच प्रश्नावर होतो, म्हणून इथे जरा थांबू.

कॉर्टिसॉल ॲड्रेनॅलिनसारखं दारावर थांबत नाही. ते पेशीच्या आत शिरतं, तिथे वाट पाहत असलेल्या ग्राहक प्रथिनाला भेटतं, आणि ही जोडी केंद्रकात जाऊन कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद ते ठरवते. म्हणून त्याचा परिणाम दिसायला तास लागतात आणि पुसायलाही वेळ लागतो.

उपाशीपोटी, इन्सुलिन कमी असताना, कॉर्टिसॉल चरबीच्या पेशींना ॲड्रेनॅलिनचा आवाज अधिक स्पष्ट ऐकू येईल अशी सोय करतं. यकृतात साखर बनवणारी एन्झाइम्स वाढवतं. फॅटी ॲसिड्स कोठारातून निघतात, यकृतात जळतात, साखर बनवायला ऊर्जा देतात. आजारपणात, उपासमारीत माणूस तगतो तो या व्यवस्थेवर.

आता तेच कॉर्टिसॉल भरल्या पोटी, वाढलेल्या इन्सुलिनच्या सोबत कल्पून पाहा. दोघं मिळून यकृतात नवी चरबी बनवणारी एन्झाइम्स वाढवतात. एकट्याने जेवढी वाढली असती त्याहून जास्त. मोळ्या बांधण्याचं काम वाढतं, व्हीएलडीएलही जास्त बाहेर पडतं. मॅलोनिल-को-ए वाढल्याने जाळण्याचं दार लोटलेलं. आणि कोठारातून येणारा ओघ? तो पूर्ण आटत नाही. ढवळ्याशेजारी पवळा बांधला, वाण नाही पण गुण लागला, तसं कॉर्टिसॉलचं आहे. ते कोणाच्या संगतीत आहे हे पाहिल्याशिवाय त्याच्याबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही.

पण ताणात इन्सुलिन दाबलं जातं असं वर म्हटलंय. मग ही दोघं एकत्र येतात कशी?

चांगला आक्षेप. काही मिनिटांच्या ताणात इन्सुलिन दबतंच. पण कॉर्टिसॉल दिवसेंदिवस चढं राहिलं की रक्तातली साखर वर सरकते, स्नायू आणि चरबीच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, आणि ती कसर भरून काढायला स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतू लागतं. शत्रू होते ते आता शेजारी झाले. त्यात ताणामुळे अवेळी आणि गोडधोड खाणं वाढलं असेल तर इन्सुलिनला खाली यायला सवडच मिळत नाही.

यकृताचं एक विचित्र वागणं इथे कळायला हवं. इन्सुलिनला दाद न देणारं यकृत त्याचा प्रत्येक हुकूम धुडकावत नाही. ‘साखर बनवणं थांबव’ हे ऐकत नाही. ‘चरबी बनव’ हे मात्र निमूट ऐकतं. त्यामुळे एकाच माणसाच्या रिपोर्टात साखरही वाढलेली आणि ट्रायग्लिसराइडही वाढलेलं दिसतं.

ताणामुळे साखर वाढते, असं डॉक्टर सांगतात. त्याचा फॅटी ॲसिडशी काय संबंध?

जवळचा. फॅटी ॲसिड स्वतः साखर बनू शकत नाही, माणसाच्या शरीरात ती वाट जवळजवळ नाहीच. पण साखर बनवायला लागणारी ऊर्जा त्याच्या जळण्यातून येते, आणि जळताना निघालेले दोन कार्बनचे तुकडे साखर बनवणाऱ्या मार्गातल्या पहिल्याच एन्झाइमला चालना देतात. सोबत सुटलेलं ग्लिसरॉल मात्र सरळ साखरेचा कच्चा माल म्हणून वापरलं जातं.

ताणामुळे रक्तात कीटोन्स वाढतात का?

थोडे वाढू शकतात. यकृतात तुकडे इतके साचले की नेहमीच्या मार्गाने खपेनात, तर यकृत त्यांचे कीटोन्स बनवून बाहेर पाठवतं. यकृत स्वतः ते वापरू शकत नाही, त्यासाठी लागणारं एन्झाइम त्याच्याकडे नाही. मेंदू, हृदय, स्नायू वापरतात. इन्सुलिन थोडंसं जरी असलं तरी हे प्रमाण आटोक्यात राहतं.

धोका आहे तो ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ नाहीच त्यांना, म्हणजे मुख्यतः टाइप-१ मधुमेहींना. अशा माणसाला ताप किंवा जंतुसंसर्ग झाला की ताणाचे हार्मोन्स चढतात, ब्रेक नसतोच, आणि कीटोन्स रक्त आम्लधर्मी करण्याइतके वाढतात. म्हणून आजारपणात जेवण जात नसलं तरी इन्सुलिन परस्पर बंद करायचं नाही, असं त्यांना बजावून सांगतात. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास ही लक्षणं असतील तर घरी वाट पाहत बसू नये.

व्यायामातही हेच हार्मोन्स वाढतात. मग व्यायाम चांगला आणि ताण वाईट, असं का?

कारण व्यायामात गिऱ्हाईक असतं. धावताना ॲड्रेनॅलिन वाढतं, फॅटी ॲसिड्स सुटतात आणि काम करणारे स्नायू ती जागच्या जागी जाळतात. खुर्चीत बसून एखाद्या ईमेलवर चरफडताना ॲड्रेनॅलिन वाढतं, फॅटी ॲसिड्स सुटतात, पण स्नायूंना त्यांची गरज नसते. न खपलेला माल परत फिरतो. काही चरबीच्या पेशींत, काही यकृतात. शिवाय व्यायामाचा ताण तासाभरात संपतो आणि त्यानंतर स्नायू इन्सुलिनला जास्त चांगली दाद देतात.

वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास ‘लढा किंवा पळा’ ही प्रतिक्रिया मांडली, तेव्हा दोन्ही पर्यायांत हातपाय हलवणं गृहीत होतं. बसून राहणं हा तिसरा पर्याय त्या हिशोबात नव्हता.

नुसत्या ताणामुळे फॅटी लिव्हर होतं का?

कॉर्टिसॉल प्रमाणाबाहेर वाढलं की काय होतं याचा निसर्गानेच केलेला प्रयोग म्हणजे कुशिंग सिंड्रोम, ज्यात एखाद्या गाठीमुळे शरीर सतत जादा कॉर्टिसॉल बनवतं. या रुग्णांच्या सीटी स्कॅनच्या अभ्यासात साधारण पाचातल्या एकाच्या यकृतात चरबी आढळली. म्हणजे कॉर्टिसॉल यात हात घालतं हे नक्की; पण इतकं चढूनही प्रत्येकाला फॅटी लिव्हर होत नाही, हेही नक्की. रोजच्या धकाधकीत कॉर्टिसॉल त्या पातळीच्या जवळपासही जात नाही.

फॅटी लिव्हर असलेल्या माणसांच्या यकृतातली चरबी कुठून येते हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खूण केलेल्या रेणूंनी मोजलं. सुमारे ५९ टक्के रक्तातल्या मोकळ्या फॅटी ॲसिड्समधून, २६ टक्के यकृताने नव्याने बनवलेली, १५ टक्के थेट आहारातून. ताणाचे हार्मोन्स पहिल्या वाट्याला हात लावतात, इन्सुलिन सोबत असेल तर दुसऱ्यालाही. तिसरा वाटा आपण स्वतः ताटात वाढून घेतो. तेव्हा ताण हा वाटेकरी आहे, एकटा गुन्हेगार नाही. वजन, साखर, मद्य आणि आनुवंशिकता यांच्याकडे काणाडोळा करून सगळं खापर ताणावर फोडणं मला पटत नाही.

(२०२३ पासून या आजाराच्या नावातून ‘फॅटी’ हा शब्द काढून ‘चयापचयाशी निगडित’ अशा अर्थाचं नवं नाव आलं आहे. रिपोर्टवर ‘एमएएसएलडी’ दिसलं तर तो नवा आजार नव्हे.)

रक्तातलं कॉर्टिसॉल नॉर्मल आलं. म्हणजे यकृतातही नॉर्मलच ना?

तसंच असेल असं नाही. कॉर्टिसोन नावाचं निष्क्रिय रूप रक्तात फिरत असतं, आणि यकृताकडे त्याला पुन्हा कॉर्टिसॉल बनवणारं एन्झाइम भरपूर असतं. म्हणजे यकृत स्वतःपुरतं कॉर्टिसॉल घरीच तयार करू शकतं. फक्त यकृतात हे एन्झाइम जादा असलेले उंदीर शास्त्रज्ञांनी तयार केले. ते लठ्ठ झाले नाहीत, पण त्यांच्या यकृतात चरबी आली आणि रक्तदाब वाढला. माणसात चित्र इतकं सुटसुटीत नाही.

मग कॉर्टिसॉलची तपासणी करून घ्यावी का?

‘ताण किती आहे ते बघू’ म्हणून? नको. कॉर्टिसॉल पहाटे-सकाळी सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असतं. नुसती सुई टोचण्याच्या भीतीनेही ते वाढू शकतं. एकाच वेळच्या आकड्यावरून काही ठरत नाही. सहज निळे पडणारे डाग, पोटावर रुंद जांभळट पट्टे, मांड्यांचे स्नायू अशक्त होऊन खुर्चीतून उठायला त्रास होणं अशी लक्षणं असतील तर डॉक्टर रात्री उशिराच्या लाळेची, २४ तासांच्या लघवीची किंवा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची गोळी देऊन दुसऱ्या सकाळच्या रक्ताची तपासणी सांगतात.

स्टेरॉइडच्या गोळ्या घेतोय. त्यांचाही यकृतावर असाच परिणाम होतो का?

प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही औषधं त्याच ग्राहकावर काम करतात, म्हणून जास्त डोस आणि जास्त काळ असेल तर हो: साखर, ट्रायग्लिसराइड, यकृतातली चरबी, सगळं वाढू शकतं. पण हे वाचून गोळ्या बंद करू नका. काही आठवडे स्टेरॉइड घेतल्यावर तुमची अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेली असते. औषध अचानक थांबवलं तर शरीराकडे स्वतःचं कॉर्टिसॉल पुरेसं नसतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. डोस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू उतरवायचा.

‘कॉर्टिसॉल कमी करणाऱ्या’ गोळ्या आणि पावडरी घ्याव्यात का?

माझं मत विचाराल तर नको. यकृतातली चरबी त्यांनी घटते असा भक्कम पुरावा नाही. आणि या वर्गात हमखास विकल्या जाणाऱ्या अश्वगंधेच्या पूरकांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. प्रमाण थोडं असेल. पण यकृत वाचवायला निघून यकृतच दुखवून घ्यायचं, याला काय म्हणावं?

झोपेचा यात काही वाटा आहे का?

आहे. कमी झोपेनंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं कॉर्टिसॉल हवं तितकं उतरत नाही आणि इन्सुलिनला मिळणारी दाद घटते, हे प्रयोगांत दिसलं आहे. वर सांगितलेली नको ती संगत जमायला एवढं पुरतं. रात्रपाळीत तर जेवणही झोपेच्याच वेळेला येतं.

ताण ओसरला की यकृतातली चरबी जाते का?

चरबीचे थेंब दगडावरची रेघ नव्हेत; त्यांत रोज भर पडते आणि रोज घट होते. ओघ कमी झाला, जाळण्याचं दार उघडं राहिलं, की ते लहान होतात. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांच्यात सुमारे ५ टक्के वजन उतरलं तरी यकृतातली चरबी बऱ्यापैकी घटते. सूज ओसरायला ७ ते १० टक्के लागतात. चट्टे पडून यकृत घट्ट होऊ लागलं असेल तर त्याहून जास्त लागतं आणि वेळही बराच जातो. म्हणून सोनोग्राफीत चरबी दिसली की डॉक्टर फायब्रोस्कॅन (यकृत किती घट्ट झालंय ते मोजणारी तपासणी) किंवा रक्ताच्या काही आकड्यांवरून चट्ट्यांचा अंदाज घेतात. चरबी किती आहे यापेक्षा तो आकडा त्यांना जास्त महत्त्वाचा वाटतो.